गुडघ्याच्या वर चार बोटं

परवा गाळ्यावर हंगामातल्या पहिल्या पाच पेट्या उतरल्या. आमच्या बाजारात पहिल्या पेटीचं कौतुक फार. मालक पेटीला हळदकुंकू लावतात, उदबत्ती ओवाळतात, कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढतं, आणि मग पेंढा बाजूला सारून वरचा आंबा माझ्या हातात देतात. हा मान माझा. वाशीच्या फळबाजारात मी सत्तावीस वर्षं माल बघायचं काम करतो. आंबा हातात घ्यायचा, देठाशी नाक न्यायचं, अंगठ्यानं हलकेच दाबायचं आणि सांगायचं, हा चार दिवसांत तयार होईल, हा आठ दिवसांत, हा बाजूला काढा. परवाही मी आंबा नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला. मालक म्हणाले, "काय रे, आवडला नाय काय?" मी म्हटलं, "एक नंबर माल आहे," आणि आंबा पेटीत ठेवून हात पँटला पुसले.

लोकांना या वासानं शाळेची सुट्टी आठवते, मामाचं घर आठवतं. मला पाच वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. त्या वर्षी माझी मुलगी तन्वी चौदा वर्षांची होती, नववीत होती आणि तिच्या डाव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या वर चार बोटं, कॅन्सर होता. तो आहे हे आम्हाला कळण्याआधी महिना-दीड महिना मी रोज संध्याकाळी त्या जागेवर तेल लावून चोळत होतो.

हे वाक्य मी कितीतरी वर्षं कागदावर लिहू शकलो नव्हतो. आज लिहिलं तर लिहून झालं.

हापूसमध्ये साका नावाचा एक रोग असतो. आंबा बाहेरून देखणा, सालीवर टिपका नाही, वास घमघमाट, दाबून बघा, बरोबर जिथे दाबला जायला हवा तिथेच दाबला जातो. आणि कापला की आत कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. तो का होतो याची कारणं शिकलेले लोक वेगवेगळी सांगतात. पण बाजारात सगळ्यांना एक गोष्ट माहीत आहे, साका हाताला कळत नाही. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "साका नाही ना निघणार?" आणि मी छातीवर हात ठेवून सांगतो, "साहेब, कापल्याशिवाय परमेश्वरसुद्धा सांगू शकणार नाही." सत्तावीस वर्षं हे वाक्य मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. स्वतःच्या घरात मात्र विसरलो.

आमचं घर कोपरखैरण्याला, सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मी, बायको सुजाता आणि ही एकुलती एक. तन्वी शाळेच्या खो-खोच्या संघात होती. पळायची अशी की खांबापाशी तिला कोणी धरू शकायचं नाही. रोज गुडघे फोडून घरी यायची आणि सुजाता रोज ओरडायची. त्यामुळे डिसेंबरात ती "पाय दुखतोय" म्हणाली तेव्हा घरात कोणी मानसुद्धा वर केली नाही. खो-खो खेळणाऱ्या मुलीचा पाय दुखणार नाही तर काय कान दुखणार?

आधी खेळून आल्यावर दुखायचा. मग नुसतं बसलं तरी दुखायला लागला. मग झोपेत. हा जो क्रम आहे ना, तो आता मला पाठ आहे. खेळून झालेलं दुखणं विश्रांतीनं कमी होतं, हे विश्रांतीतच वाढत होतं. पण मी काही डॉक्टर नव्हतो, बाजारातला माणूस होतो आणि मला माझ्या बोटांचा फार गर्व होता. जानेवारीत गुडघ्याच्या वर थोडा फुगवटा आला. मी तो दोन्ही बाजूंनी दाबून बघितला आणि निकाल दिला, "कडक आहे. म्हणजे हाडच आहे ते. उंची वाढतेय पोरीची, वाढीचं दुखणं आहे. तेल लावू." सुजाता म्हणाली, "अहो, एकाच पायाची वाढ होते का?" मी म्हटलं, "तू टेन्शन घेऊ नको." त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ती सांगतो. आमच्या बाजारात जुन्या लोकांची सौदा करायची एक रीत आहे. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि तोंडानं एक अक्षर न बोलता बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट दाबलं की एक, पंजा दाबला की पाच. आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही काय ठरलं. हल्ली बरंचसं उघड बोलतात, तरी आमच्या गाळ्यावर हे अजून चालतं. तन्वी लहान असताना एकदा गाळ्यावर आली, तिनं हे बघितलं आणि तिला वेड लागलं. तेव्हापासून घरात सगळे सौदे रुमालाखाली. किती वाजता घरी यायचं, किती पानं अभ्यास करायचा, किती लाडू खायचे. ती पंजा दाबायची, मी दोन बोटं दाबायचो, आणि तिघं हसत साडेतीनवर यायचो. तिसरी सुजाता, तिला कधी कळायचं नाही काय ठरलं, तरी ती हसायची.

त्या जानेवारीत एका संध्याकाळी तन्वी पाय स्टुलावर ठेवून बसली होती. उद्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. मी खांद्यावरचा नॅपकिन तिच्या हातावर टाकला आणि विचारलं, "बोला शेठ, किती दुखतंय? दहापैकी." तिनं माझा पंजा दाबला आणि वर तीन बोटं. आठ.

मी तोंड वाकडं केलं, गिऱ्हाईक करतं तसं, आणि तिची तीन बोटं दाबली. ती हसली. मान हलवून सातवर आली. मी चारवर आलो. ती म्हणाली, "बाबा, खरंच दुखतंय हो," पण हसत म्हणाली, आणि सहा दाबलं. मी म्हटलं, "चल, ना तुझं ना माझं," आणि पाचाला सौदा पक्का केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "खूप दुखतंय का?" तन्वीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पाच असेल दहापैकी. खेळताना लागलंय." त्यांनी गोळ्या दिल्या, पट्टी बांधायला सांगितली, पंधरा दिवस खेळ बंद केला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर मी पाचच ठेवलं होतं. आठाचं त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण आठ त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

त्यानंतर पाच आठवडे मी तेल चोळलं. तिळाचं तेल, कोमट करून, ओवा घालून. ती उशीत तोंड खुपसायची आणि मला वाटायचं, आता आखडलेली शीर मोकळी होतेय.

ही मालिश थांबवली म्हात्रेकाकूंनी. काकू कोपरखैरणे गावातल्या, मूळच्या इथल्या. मुरगळा काढण्यात त्यांचा हात धरणारं आजूबाजूला कोणी नाही. फेब्रुवारीच्या शेवटी तन्वी लंगडायला लागली तेव्हा मी म्हटलं, आपल्या हातात जोर नाही, काकूंकडे नेऊ. काकूंनी ओट्यावर बसवलं, पाय मांडीवर घेतला, फुगवट्यावर दोन बोटं नुसती टेकवली आणि उचलली. तेलाची वाटी बाजूला सारली.

"मी नाय चोळनार याला."

"का हो काकू?"

"मुरगळा मना कलतो, भाऊ. मुरगळा आठ दिसांत उतरतो. यो वाढतोय. आनि गरम हाय हाताला." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तू चोळतोस काय?"

मी हो म्हटलं.

"आजपासून हात नाय लावायचा. फोटो काढ पयला. उद्या नाय, आज."

त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. आजवर मला वाटायचं की शिकलेली माणसं घाबरवतात आणि हाडं बसवणाऱ्या बायका धीर देतात. इथे सगळं उलटं झालं होतं. ज्या बाईनं आयुष्यभर हजारो पाय चोळले, ती या पायाला हात लावायला तयार नव्हती. त्या दोन बोटांनी जे ओळखलं ते माझ्या दहा बोटांना ओळखता आलं नाही.

एक्स-रे काढणारा मुलगा गप्पिष्ट होता. मी फळबाजारात आहे म्हटल्यावर त्यानं विचारलं, "काका, हापूसचा भाव खाली कधी येणार?" मी सांगत होतो, एप्रिलच्या मध्यावर. तो आत गेला, बाहेर आला आणि त्याला माझं उत्तर नको होतं. "जरा थांबा, बाजूनं अजून एक घेतो," एवढंच बोलला. मग डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत त्यानं एकदाही आमच्याकडे बघितलं नाही. गप्पिष्ट माणूस असा अचानक गप्प झाला की आजही मला तो मुलगा आठवतो.

हाडांच्या डॉक्टरांनी ती फिल्म उजेडासमोर धरली. मला काही कळत नसूनही कळलं. मांडीचं हाड वरून खाली सरळ येत होतं आणि गुडघ्याच्या वर त्याची कड नाहीशी झाली होती. तिथे नुसतं पिंजल्यासारखं दिसत होतं, आणि त्यातून बारीक रेघा बाहेर आडव्या निघाल्या होत्या. डॉक्टरांनी तन्वीला बाहेर बसवलं. म्हणाले, "नाव मी आज घेणार नाही, तपासणीशिवाय घेऊ नये. पण साधं नाही. आणि मी याला सुईसुद्धा लावणार नाही."

"पण डॉक्टर, तुकडा काढून बघाल ना?"

"काढायचा, पण मी नाही. ज्या ठिकाणी पुढचं ऑपरेशन होणार, त्याच टीमनं काढायचा. चीर चुकीच्या जागी गेली तर पुढे पाय वाचवणं कठीण होतं. कॅन्सरच्या हॉस्पिटलला जा. चिठ्ठी देतो. उद्या सकाळी."

नाव घेणार नाही म्हणाले आणि हॉस्पिटलचं घेतलं. बाहेर तन्वी बाकावर बसून पायाला बांधलेल्या पट्टीचा सुटलेला धागा ओढत होती. तिनं विचारलं, "फ्रॅक्चर आहे?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी." तिला बरं वाटलं. फ्रॅक्चर झालं की प्लास्टरवर सगळा वर्ग सह्या करतो ना.

पुढचे दहा-बारा दिवस म्हणजे नुसत्या मशीनी. पायाचं एमआरआय, अख्ख्या सांगाड्याचा स्कॅन, छातीचा सीटी. पायाच्या दुखण्याला छातीचा फोटो का, हे मी भाबडेपणानं विचारलं. हा रोग हाडातून उठला की आधी फुप्फुसात जाऊन बसतो, असं तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं. या बाई तिच्या मुख्य डॉक्टर, त्यांना आम्ही मॅडमच म्हणायचो. छातीचा रिपोर्ट येईपर्यंत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत तन्वी दोनदा खोकली. मी दोन्ही वेळा दारापर्यंत धावत गेलो. भीती माणसाला किती मूर्ख करते, दाराकडे धावून मी काय करणार होतो?

छाती स्वच्छ निघाली. सुजाता हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडली. मग जाड सुईनं हाडातला तुकडा काढला आणि नाव आलं. मॅडमनी कागदावर पायाचं चित्र काढून आम्हा तिघांना समजावलं, तन्वीलासुद्धा समोर बसवून. "हा हाडातच जन्मलेला कॅन्सर आहे. तुझ्या वयाच्या मुलांना होतो, उंची भराभर वाढते त्या काळात. लागल्यामुळे होत नाही, खेळल्यामुळे होत नाही. कोणाच्या चुकीमुळे होत नाही. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग परत औषधं. बरीच मुलं बरी होतात. सगळी होत नाहीत. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, तू पण माझ्याशी खोटं बोलायचं नाही. ठरलं?"

तन्वी म्हणाली, "पाय कापणार?"

"न कापायचा पूर्ण प्रयत्न करणार."

मग मॅडमनी मला विचारलं, "कधीपासून दुखतंय?" मी म्हटलं डिसेंबर. त्यांनी लिहिलं. मी मालिशीचं सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं, मग तेही लिहिलं. मी विचारलं, "त्यामुळे काही वाढलं असेल का?" त्या म्हणाल्या, "चोळायला नको होतं. उशीरही व्हायला नको होता. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत त्यानं नेमका किती फरक पडला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडेच नसतं." तिथं तन्वी नसती तर मी रुमालाचं पण सांगितलं असतं. पण ती होती, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. तिला मला वाचवायचं होतं.

मार्च, एप्रिल, मे. बाहेर हंगाम पेटला होता. आमच्या गाळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी पहाटे बाजारात आणि दुपारी वॉर्डात. औषधाची एक बाटली लालभडक होती, ती चढली की लघवीही लाल व्हायची आणि तन्वी बाथरूममधून किंचाळायची. तोंड आतून सोललं गेलं. केस एका आठवड्यात उशीवर आले. हे सगळं ऐकून होतो, वॉर्डातल्या इतर आयांनी सांगितलं होतं. पण एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. तिला माझा वास सहन होईना.

मी खोलीत शिरलो की ती तोंड फिरवायची आणि उलटी करायची. आधी वाटलं चिडली आहे. मग सुजातानं सांगितलं, "अहो, तुमच्या अंगाला आंब्याचा वास येतो. पेंढ्याचा येतो." मी बाजारातल्या नळावर आंघोळ करायला लागलो. साबण बदलला, शर्ट पिशवीत बांधून वेगळा ठेवला. केसांना मुलतानी माती लावली. काही उपयोग नाही. सत्तावीस वर्षांचा, तेव्हाच्या हिशेबानं बावीस वर्षांचा, वास असा जातो थोडाच? शेवटी मी वॉर्डाच्या दारात उभा राहून काचेतून तिच्याशी बोलायचो. ज्या वासावर माझं घर चाललं, त्यानंच मला मुलीपासून दहा फुटांवर उभं केलं. मी मालकांना सांगून दीड महिना हिशेबाच्या खोलीत बसलो. भर हंगामात आंब्याला हात लावला नाही, तेव्हा कुठे तिच्या जवळ बसता आलं.

त्या वॉर्डात दुखण्याचा आकडा विचारायची पद्धत होती. नर्स तीन-चार वेळा यायची. "बेटा, शून्य ते दहा, किती?" त्या आकड्यावर औषध ठरायचं. एके दिवशी मी जवळ बसलो होतो. तन्वीचं अंग घामानं भिजलं होतं. नर्सनं विचारलं. तन्वीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चार." नर्स बरीच वर्षं हे काम करत असावी. तिनं माझ्याकडे बघितलं, मग तन्वीकडे, आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही जरा चहा पिऊन या." मी बाहेर पडलो आणि दाराशीच थांबलो. आतून आवाज आला, "आता सांग." आणि तन्वी म्हणाली, "नऊ."

मी चहा प्यायला गेलो नाही. तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या मुलीला तिचं दुखणं माझ्यासमोर कमी करून सांगायची सवय मीच लावली होती. मी ते खेळात लावलं होतं, प्रेमानं लावलं होतं, आणि ते अंगी भिनलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन. आदल्या दिवशी कागदावर सही केली. त्यात लिहिलं होतं, गरज पडल्यास पाय काढण्यास संमती आहे. मी तीनदा वाचलं. सही करताना माझं नाव मलाच अनोळखी वाटलं. सात तास आम्ही बाहेर बसलो. सुजाता काहीतरी पुटपुटत होती. मी फरशीच्या चौकोनांकडे बघत होतो. स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा सगळ्यांनी तिचा चेहरा बघितला असेल. मी खाली बघितलं, चादरीच्या टोकाशी. दोन पावलांचे दोन उंचवटे होते. मी ते मोजले. दोनच असतात, तरी मोजले.

रोगानं खाल्लेलं हाड गुडघ्यासकट काढून आत धातूचा सांधा बसवला होता. काढलेलं हाड तपासून मॅडम म्हणाल्या की औषधांनी आतलं बहुतेक सगळं मेलेलं आहे, हे फार चांगलं लक्षण आहे. मग आणखी औषधं, आणखी उलट्या. दिवाळीच्या आसपास एकदाचं संपलं. खो-खोही संपला, कायमचा. चालायला शिकायला तिला सात महिने लागले.

संपलं म्हणतो, पण भीती काही संपली नाही. आधी दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो, मग सहा महिन्यांनी. तारीख जवळ आली की आठ दिवस आधी मला जेवण जात नाही. घरात कोणी शिंकलं की मी दचकतो. बाजारात हमालाच्या मुलाचा पाय दुखतो असं कानावर आलं की मी त्याच्या मागे लागतो, "फोटो काढ, आजच काढ, चोळू नको." पोरांनी मला 'फोटोवाले काका' नाव ठेवलंय. ठेवू देत. दोघांनी फोटो काढले, काही निघालं नाही, आणि त्यांनी माझी टिंगल केली. त्या टिंगलीनं मला दिवसभर बरं वाटलं.

तन्वी आता एकोणीस वर्षांची आहे. वाशीला कॉलेजात जाते. डाव्या मांडीवर एक लांब व्रण आहे आणि ती जराशी झुकून चालते, माहीत असल्याशिवाय लक्षात येत नाही. रोज संध्याकाळी मी विचारतो, "पाय कसा आहे?" ती म्हणते, "मस्त." मी पुन्हा विचारतो, "दुखत नाही ना?" ती म्हणते, "नाही हो बाबा." मग मी जेवायला बसतो.

परवा त्या पहिल्या पेट्या आल्या त्याच संध्याकाळी सुजातानं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच सांगितलं, "तन्वीचा उजवा खांदा दुखतोय. अकरा दिवस झाले. तिनं आज मला सांगितलं. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

अकरा दिवस. माझ्या डोळ्यांसमोर ती फिल्म आली, पिंजलेली कड, आडव्या रेघा. मी तिला एक शब्द विचारला नाही. सकाळी बाजारात फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि तिला मागे बसवून स्कूटर हॉस्पिटलला नेली. खांद्याचा फोटो, छातीचा फोटो. दोन तास. एक्स-रेवाला बडबड करत होता आणि शेवटपर्यंत करत राहिला, तेव्हाच मला अर्धा श्वास आला. मॅडम नव्हत्या, तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो बघितले. "स्वच्छ आहे. हाड छान आहे. छातीही छान आहे. स्नायू भरून आलाय." मग त्यांनी तिला विचारलं, "जिना चढताना कठड्याला धरून सगळं वजन हातावर घेतेस का?"

"थोडंसं."

"का? गुडघा दुखतो?"

तन्वीनं माझ्याकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. पण तन्वीचं ते बघणं मी ओळखलं. तेव्हा तिच्या दुखण्याची घासाघीस करायला मी होतो. आता तर मला काही करायची गरजच राहिली नव्हती. माझा चेहरा पाहून ती स्वतःच खाली येत होती. पाच वर्षं मी घाबरलेलं तोंड घेऊन तिला रोज विचारत होतो, दुखत नाही ना. त्या प्रश्नात उत्तर घालूनच द्यायचो. आणि मला वाटायचं, मी काळजी घेतोय.

परत येताना खाडीच्या बाजूच्या रस्त्याला ऊन चढलं होतं. ती मागे बसली होती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं आणि तिला माझं. मी म्हटलं, "तन्वी, मला भीती वाटते. ती जाणार नाही. मरेपर्यंत वाटणार. पण ती माझी आहे, तू सांभाळू नको."

मग ती म्हणाली, "बाबा, गुडघा रोज दुखतो. पहिल्यापासून. एक दिवस असा नाही की दुखला नाही."

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. हात हँडलवरच ठेवले. म्हटलं, "सांग."

ती सांगत राहिली. जिन्याचं, वर्गातल्या बाकाचं, सकाळी पहिलं पाऊल टाकतानाचं, मैत्रिणी पळत जाऊन बस पकडतात त्याचं. मध्ये ती रडली, मग परत सांगायला लागली. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.